सिंकखाली आरओ बसवताना: आधी पाणी मोजा, मग ओट्याला भोक पाडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाणेरला चौदा मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर नवा फ्लॅट, मॉड्युलर किचन नुकतंच झालंय. भिंतीवर यंत्र दिसायला नको म्हणून सिंकखाली आरओ बसवायचा आहे. वर्षातले आठ-नऊ महिने महापालिकेचं पाणी, मार्चपासून टँकर, आणि दोन्ही एकाच जमिनीखालच्या टाकीत. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ऑक्टोबरमध्ये १४०, मे महिन्यात ६२०. सासरे म्हणतात उकळून प्या, दुकानदार म्हणतो सात स्टेजचं, म्हणजे सात टप्प्यांत गाळणारं घ्या. ओट्याच्या ग्रॅनाइटला भोक पाडावं लागेल का, आणि हे काम स्वतः करता येईल का?

पुण्यात वीस वर्षांहून जास्त काळ मी सिंकखाली डोकं घालून काम करतोय. लोक पहिला प्रश्न कंपनीचा विचारतात. माझ्या अनुभवात सिंकखालचा आरओ बिघडतो तो कंपनीमुळे क्वचितच. तो बिघडतो नळी वळवणाऱ्या पाच-दहा रुपयांच्या जोडामुळे (एल्बोमुळे), न तपासलेल्या प्रेशरमुळे आणि मुख्य म्हणजे तो दिसत नसल्यामुळे. भिंतीवरचं यंत्र ठिबकलं तर पाच मिनिटांत कळतं. ट्रॉलीमागचं ठिबकलं तर प्लायवूड फुगेपर्यंत कळत नाही. म्हणून खाली जे लिहितोय त्यातलं बरंचसं यंत्राबद्दल नाही, त्याच्या आजूबाजूच्या गोष्टींबद्दल आहे.

आधी पाण्याचं बोलू. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याचा टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. तुमचं ऑक्टोबरचं १४० म्हणजे खडकवासला धरणाचं चांगलं पाणी. एवढ्यासाठी आरओ लागत नाही, यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा दिवा) आणि यूएफ (बारीक छिद्रांची गाळणी) पुरतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० च्या आतल्या पाण्याला आरओ नको असं म्हटलं होतं, त्यामागे वाया जाणाऱ्या पाण्याचाच हिशोब होता. माझी बहीण मुलुंडला राहते. तिथे भातसा-वैतरणा धरणांचं पाणी येतं, तिच्याकडे मी फक्त यूव्ही लावलंय, आणि आरओ विकायला आलेल्या दोन जणांना तिने दारातूनच परत पाठवलंय.

तुमचा प्रश्न मे महिन्यातल्या ६२० चा आहे. टँकर बोअरचा असणार. आपल्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बहुधा जड असतं, किटलीत पांढरा थर धरणारं. सासऱ्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. उकळल्याने जंतू मरतात, तात्पुरता जडपणाही थोडा खाली बसतो. पण मीठ, नायट्रेट असल्या विरघळलेल्या गोष्टी जात नाहीत. पाणी आटतं तेवढं त्यांचं प्रमाण उलट वाढतं. आणि टीडीएस मीटर सांगतो ते फक्त पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून काढलेलं एक ढोबळ माप. त्यात जंतू दिसत नाहीत, नायट्रेट वेगळं दिसत नाही. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि शेताजवळच्या किंवा मैलापाणी मुरणाऱ्या भागातल्या बोअरमध्ये ती ओलांडलेली असू शकते. सोसायटीला सांगून उन्हाळ्यात एकदा टँकरच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. सगळ्या फ्लॅटमध्ये खर्च वाटला तर माणशी चहाचे पैसे होतील.

तर तुमच्यासाठी आरओ अधिक यूव्ही, टीडीएस अ‍ॅडजस्टर असलेला. सात स्टेज, नऊ स्टेज यात पडू नका. त्यातल्या तीन-चार स्टेज म्हणजे खडे भरलेल्या नळ्या असतात. काम करतात त्या गोष्टी मोजक्या: बाहेरचा प्री-फिल्टर, कार्बन, मेंब्रेन (विरघळलेले क्षार अडवणारा आरओचा पडदा), यूव्ही. उन्हाळ्यात जड पाणी म्हणून मेंब्रेनवर थर धरू न देणारं अँटिस्केलंट असेल तर बरं. कार्बन मेंब्रेनच्या आधी असतो तो नुसत्या वासासाठी नाही. महापालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन मेंब्रेनला खातं, ते कार्बन अडवतो. म्हणून कार्बन बदलायचा कंटाळा केला की दंड मेंब्रेनला बसतो.

अ‍ॅडजस्टरबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण हा स्क्रू बसवताना कारागीर एकदा फिरवतो आणि पुढे कोणी हात लावत नाही. हा स्क्रू मेंब्रेनमधून न गेलेलं थोडं पाणी गाळलेल्या पाण्यात परत मिसळतो. समजा चौथा हिस्सा मिसळला. ऑक्टोबरमध्ये मेंब्रेनमधून १२ च्या आसपासचं पाणी येईल, त्यात १४० चं मिसळून साधारण ४५ होईल, चवीला बरं. तोच स्क्रू तसाच ठेवून मे आला की ६२० मधलं चौथा हिस्सा पाणी सरळ तुमच्या पेल्यात, म्हणजे १९० च्या आसपास. आकडा वाईट वाटत नाही, पण टँकरच्या पाण्यात जे काही विरघळलं असेल त्याचा चौथा हिस्साही त्याबरोबर आला. म्हणून टँकर सुरू झाला की स्क्रू पूर्ण बंद, पावसाळ्यात धरणाचं पाणी सुरू झालं की थोडा उघडा. वर्षातून दोनदा, मीटर हातात धरून. कारागिराकडून पहिल्याच दिवशी हा स्क्रू कुठे आहे ते बघून ठेवा.

आता प्रेशर. तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात: चौदा मजली इमारत, दुसरा मजला. पाण्याची टाकी गच्चीवर. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो प्रेशर (दर चौरस सेंटिमीटरला). मजल्याला तीन मीटर धरले तर तुमच्या सिंकवर जवळपास चाळीस मीटर पाणी उभं आहे, म्हणजे चार किलो. घरगुती आरओच्या फिल्टरचे प्लास्टिकचे बाउल आणि नळी नुसती ढकलून बसवायचे पुश-फिट जोड इतकं प्रेशर रोज सोसण्यासाठी बनवलेले नसतात, बहुतेक यंत्रांच्या कागदावर दोन-तीन किलोच्या पुढे जाऊ नका असं लिहिलेलं असतं. काही सोसायट्या खालच्या मजल्यांच्या लाइनवर प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह बसवतात, त्याला पीआरव्ही म्हणतात. तुमच्याकडे आहे का ते प्लंबरला विचारा, आणि आहे म्हणाला तरी सिंकच्या नळावर गेज लावून मोजून घ्या. नसेल तर आरओच्या आधी छोटा पीआरव्ही लावा. वरच्या मजल्यावरच्यांचं दुखणं उलटं असतं, त्यांना प्रेशर पुरत नाही, पण यंत्रातला पंप ते सांभाळून घेतो. जास्त प्रेशर सांभाळणारं यंत्रात काही नसतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका उंच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मी यंत्र लावलं. प्रेशर मोजलं नाही. बाहेरचा प्री-फिल्टरचा बाउल थोडा पाझरत होता, म्हणून पान्याने आणखी आवळला. पाझर थांबला, मी खूश. ते कुटुंब गणपतीला कोकणात गेलं, आणि दुसऱ्या रात्री तो बाउल उभा चिरला. दिवसभर इमारतीत नळ चालू असतात तेव्हा प्रेशर थोडं उतरतं, रात्री सगळे नळ बंद, तेव्हा पूर्ण दाब येतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या हॉलचं पीओपीचं छत सकाळी जमिनीवर होतं. सिंकखालचं कपाट तर गेलंच, शेजारच्या दोन ट्रॉल्याही फुगल्या. अर्धा खर्च मी दिला, आणि पुढे काही वर्षं गणपतीच्या दिवसांत माझा फोन वाजला की पोटात गोळा यायचा. बाउल हाताने आवळायचा, मग पान्याने फार तर पाव फेरा. तरीही पाझरत असेल तर आत रबरी रिंग फिरली असते किंवा खाचेत वाळूचा कण अडकला असतो. आवळून तो जात नाही, उघडूनच काढावा लागतो.

कामाला लागण्याआधी दोन गोष्टी करा. यंत्राच्या मापाचा रिकामा खोका घ्या आणि सिंकखाली ठेवून कपाटाचं दार लावून बघा. सिंकचा बाउल आठ ते दहा इंच खाली येतो, त्याखाली बॉटल ट्रॅप, आणि मॉड्युलरवाल्याने बहुधा तिथेच कचऱ्याचा डबा असलेली ट्रॉली दिलेली असते. यंत्र आणि टाकी दोन्ही ठेवायची असतील तर तो डबा जाणार, हे घरात आधीच बोलून घ्या. नाहीतर कारागीर दारात उभा आणि घरात वाद. यंत्र कपाटाला कायमचं ठोकू नका, पुढे ओढून घेता येईल एवढी नळी मागे गुंडाळून ठेवा. दुसरं म्हणजे अँगल कॉक (सिंकखाली पाणी बंद करायचा कॉक) आणि फ्लॅटचा मुख्य व्हॉल्व्ह फिरवून बघा. नव्या फ्लॅटमध्येही अँगल कॉक जाम झालेले असतात, आणि ते पाणी उडायला लागल्यावर कळून उपयोग नाही.

सिंकखाली दोन अँगल कॉक असतील तर एक गिझरचा असतो. हे हसण्यासारखं वाटेल, पण गरम लाइनवर जोडलेले आरओ मी दरवर्षी दोन-तीन तरी बघतो. मेंब्रेनला साधारण ४५ अंशांपुढचं पाणी चालत नाही. गिझर चालू करून दोन्ही पाइपांना हात लावून बघायचा आणि गार कॉकवरच डायव्हर्टर (यंत्राकडे पाणी वळवणारा छोटा कॉक) लावायचा. डायव्हर्टरच्या चुडीवर टेफ्लॉन टेप, आवळायच्या दिशेने, आठ-दहा वेढे. जिथे रबरी वॉशर आहे तिथे टेप नको, तिथे पाणी वॉशरच अडवतो, टेपमुळे तो नीट बसत नाही.

पाव इंची नळी धारदार ब्लेडने काटकोनात कापा. कात्रीने कापली की तोंड चपटं होतं आणि पुश-फिटमध्ये पाझरतं. नळी आत ढकलल्यावर पहिला अडथळा लागतो तो रबरी रिंगचा, तिथे थांबायचं नाही. आणखी जोर लावला की ती पुढे सरकून बसते. मग निळी किंवा लाल लॉक क्लिप, आणि नळी ओढून बघणं. निम्मी ठिबकणारी यंत्रं मी एवढ्याच कारणाने दुरुस्त केली आहेत, आणि पैसे घेताना लाज वाटली आहे. उंदराचा त्रास असेल तर नळ्या जाड पाइपात घाला, सिंकखालच्या पाव इंची नळ्या उंदीर कुरतडतात. झुरळांना अडॅप्टरची ऊब आवडते, म्हणून तो यंत्राच्या मागे कोपऱ्यात कोंबू नका.

विजेचा सॉकेट कपाटाच्या तळापासून दीड-दोन फूट वर हवा, अँगल कॉकच्या विरुद्ध बाजूला. वायर सॉकेटपर्यंत सरळ नेऊ नका, तिचा थोडा झोल सॉकेटच्या खाली राहू द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोलापाशी गळून पडतं. तळाला पडलेला एक्स्टेन्शन बोर्ड मी बघितला तर काम सुरूच करत नाही.

आता ग्रॅनाइट. पाण्याचा वेगळा छोटा नळ हवा असेल तर साधारण १२ मिलिमीटरचं भोक लागतं. आधी सिंककडे बघा. काही सिंकना साबणाच्या डिस्पेन्सरसाठी जास्तीचं भोक दिलेलं असतं, त्यात मोठा वॉशर लावून नळ बसतो आणि ग्रॅनाइटला हात लावावा लागत नाही. तसं नसेल तर ओट्याखालून बघा की वर ग्रॅनाइट आणि खाली कडप्पा, मध्ये सिमेंट, असा थर आहे का. पुण्यात हे फार आढळतं. एकूण जाडी दोन इंचांच्या जवळ गेली की नळाची दांडी खाली नट लावण्याइतकी उरत नाही, मग खालून मोठं भोक करून कडप्पा थोडा पोखरावा लागतो. सिंकच्या कापलेल्या कडेपासून दोन इंच तरी लांब राहा. सिंकच्या मागची अरुंद पट्टी ही ओट्याची सगळ्यात नाजूक जागा, तिथे तडा गेला तर पूर्ण ओटा बदलण्याची वेळ येते. ड्रिलला डायमंड कोअर बिट, हॅमर बंद, कमी वेग. भोकाभोवती कणकेची गोल पाळ करायची आणि त्यात पाणी भरून ड्रिल चालवायचं, बिट थंड राहतं आणि धूळ उडत नाही. ही युक्ती मला एका वहिनींनी शिकवली, त्या पोळ्या लाटत होत्या आणि माझी मातीची पाळ सारखी फुटत होती.

हा भाग मात्र स्वतः करू नका. बाकीचं सगळं हाताला सवय असलेला माणूस करू शकतो, पण ग्रॅनाइटला दुसरी संधी नसते. शिवाय कंपनीच्या माणसाने बसवलं नाही तर वॉरंटीचा वाद होतो, तो कागद आधी वाचा. माझा सल्ला असा की जागा, सॉकेट, पीआरव्ही आणि भोक ही तयारी तुम्ही करून ठेवा, यंत्र त्यांना जोडू द्या. त्यांचा माणूस तासाभरात पुढच्या घरी जायच्या घाईत असतो. तयारी नसली की तो सुचेल तसं करून जातो.

सोडपाण्याची, म्हणजे मेंब्रेनने बाहेर टाकलेल्या पाण्याची नळी हा दुसरा घाईत बिघडवला जाणारा भाग. ती वेस्ट पाइपवर क्लॅम्प लावून ट्रॅपच्या वरच्या बाजूला जोडायची असते, म्हणजे गटाराचा वास नळीतून वर येत नाही. पण तुमच्याकडे वेस्ट पाइप घडीदार नळीचा असेल तर त्यावर क्लॅम्प धरत नाही. लोक तरीही आवळतात आणि तो महिनाभराने सरकतो. सिंकच्या खाली सरळ पीव्हीसीचा तुकडा टाकून घ्या आणि त्यावर क्लॅम्प लावा. आणखी चांगलं म्हणजे ही नळी युटिलिटी बाल्कनीपर्यंत नेऊन बादलीत सोडा. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर जातं असं धरा. तुमच्या ऑक्टोबरच्या पाण्यावर हे सोडपाणी १८० च्या आसपास असेल, म्हणजे भांडी, फरशी, झाडं, सगळ्याला उत्तम. मे महिन्यात ते ८०० च्या वर जाईल, तेव्हा फरशी आणि संडासासाठी वापरा, कुंड्यांना रोज घालू नका.

टाकीबद्दल एकच गोष्ट. सिंकखालच्या यंत्रांना दाबाची गोल टाकी असते, आत रबरी फुगा आणि सायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह. बारा लिटरची म्हणून घेतली तरी पाणी सात-आठ लिटरच मावतं, बाकी जागा हवेची. नळाची धार काही महिन्यांनी करंगळीएवढी झाली तर लगेच मेंब्रेन बदलू नका. टाकी रिकामी करून हवा मोजा, ५ ते ७ पीएसआय असायला हवी. कमी असेल तर सायकलचा पंप पुरतो.

पहिल्यांदा चालू करताना प्री-फिल्टर आणि कार्बनमधून बादलीभर पाणी आधी बाहेर सोडा. काळं पाणी येतं ते कोळशाचं भुकट, ते मेंब्रेनमध्ये जायला नको. मग मेंब्रेन जोडा आणि पहिल्या दोन टाक्या भरून ओतून द्या. यंत्राच्या अंगावर मार्करने तारीख लिहा: बसवलं कधी, कँडल (प्री-फिल्टरच्या बाउलमधली गाळणी) कधी, कार्बन कधी. टँकरच्या दिवसांत बाहेरची कँडल दोन-तीन महिन्यांत तपकिरी होते, तेव्हा ती बदलायची. मेंब्रेनचा निकाल मात्र मीटर देतो: अ‍ॅडजस्टर बंद ठेवून आत १४० आणि बाहेर १५ असेल तर ठीक, बाहेर ३० च्या पुढे गेलं तर बदला. एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) माणूस दरवर्षी सगळंच बदलायचं म्हणाला तर हा आकडा त्याच्यासमोर काढा. यूव्हीचा दिवा मात्र पेटलेला दिसतो म्हणून चांगला समजू नका, जंतू मारायची ताकद उजेडाच्या आधी संपते. तो कंपनीने दिलेल्या मुदतीत बदला.

शेवटचं काम रात्रीचं. सगळे जोड टिश्यूने कोरडे करा, कपाटाच्या तळाला जुनं वर्तमानपत्र पसरा, यंत्र चालू ठेवून झोपा. सकाळी कागद कोरडा असेल तर ट्रॉली परत लावा. कुठे डाग असेल तर आधी त्याच्या वरचे जोड बघा, पण पाणी नळीवरून ओघळत दुसऱ्या जोडातूनही आलेलं असू शकतं. पाणी बंद करा, क्लिप काढा, जोडाची कड आत दाबून धरत नळी बाहेर ओढा, तोंडाचा अर्धा इंच नव्याने कापा आणि परत बसवा. आणि चार दिवस घर बंद ठेवून जाणार असाल तर दाराला कुलूप लावण्याआधी सिंकखालचा डायव्हर्टर बंद करून जा.